वेश बदलणारे विषाणू

फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून लसही बदलावी लागते. संगणकात हे सोंग १९९० मध्ये आले. अँटिव्हायरसची मर्यादा दाखवण्यासाठी मार्क वॉशबर्न यांनी रचलेला ‘१२६०’ हा विषाणू प्रत्येक फाइलमध्ये वेगळ्या किल्लीने स्वतःला कुलूप लावी. कुलूप उघडणाऱ्या आज्ञांतही बिनकामाच्या आज्ञा मिसळी. प्रोग्रॅमचे अंतरंग असे झाकणे म्हणजे ऑब्फस्केशन. कुठलाही प्रोग्रॅम पूर्णपणे झाकेल अशी पद्धत असूच शकत नाही, हे २००१ मध्ये बोआझ बराक आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले.

व्यवहारात संशयित प्रोग्रॅम आभासी संगणकात चालवून पाहतात. काम करायचे तर कुलूप काढावेच लागते. (आम्ही रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवतो, तसेच.) पण काही विषाणू आता पाळत ओळखून गप्प बसतात. रुग्णालयाच्या खऱ्या संगणकावर पोचले, की मग रुग्णांच्या नोंदी अडकवून खंडणी मागतात.