विद्यापीठाचे कार्बनचे खाते

हरितगृह वायूंचे उत्सर्जन म्हटले, की डोळ्यांसमोर येतात ते कारखाने, वीजकेंद्रे आणि वाहने. या यादीत विद्यापीठाचे नाव सहसा कोणी घेत नाही. परंतु वसतिगृहे, प्रयोगशाळा, रुग्णालये आणि अहोरात्र चालणारे संगणक यांमुळे मोठ्या विद्यापीठाची ऊर्जेची गरज एखाद्या लहान शहराइतकी असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२५ पर्यंत आपल्या उत्सर्जनाचा निव्वळ भार शून्यावर आणण्याचा संकल्प २०१३ मध्ये सोडला. दहा संकुले आणि अडीच लाखांहून अधिक विद्यार्थी असलेल्या या विद्यापीठाचा त्यानंतरचा अनुभव बोधप्रद आहे.

पहिले काम मोजमापाचे. विद्यापीठाचे बहुतांश उत्सर्जन यंत्राने मोजले जात नाही. ते हिशेबाने काढले जाते. इंधन किती जाळले, वीज किती युनिट घेतली, याची बिले गोळा करून प्रत्येक आकड्याला ठरावीक गुणांकाने गुणले जाते. एक लिटर पेट्रोल जाळले, तर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मिथेनची तापमानवाढ करण्याची क्षमता शंभर वर्षांच्या काळात त्याच्या सुमारे २८ पट असते. म्हणून सर्व वायू ‘कार्बन डायऑक्साइड समतुल्य’ या एकाच मापात मांडले जातात.

या हिशेबाची आंतरराष्ट्रीय पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तीन गट आहेत. आवारात जाळलेले इंधन पहिल्या गटात, विकत घेतलेली वीज दुसऱ्या गटात, तर विमानप्रवास, विद्यार्थ्यांचे येणे-जाणे, खरेदी आणि कचरा तिसऱ्या गटात मोडतो. तिसरा गट मोजण्यास सर्वांत अवघड. कॅलिफोर्निया विद्यापीठाची २०२५ ची मुदत पहिल्या दोन गटांपुरतीच होती.

खरी अडचण होती ती नैसर्गिक वायूवर वीज आणि उष्णता एकत्रितपणे निर्माण करणाऱ्या संकुलांतील केंद्रांची. ती बदलणे अत्यंत खर्चाचे. त्यामुळे भरपाईचा मार्ग पुढे आला. अन्यत्र कोणी जंगल राखले किंवा मिथेन रोखला, तर त्याचे क्रेडिट विकत घेऊन तेवढे टन आपल्या खात्यातून वजा करायचे. मात्र हे पैसे मिळाले नसते, तर ते काम झालेच नसते, हे सिद्ध व्हावे लागते. जे जंगल कोणी तोडणारच नव्हते, त्याचे क्रेडिट घेतल्यास कागदावरचा आकडा घटतो. हवेतील वायू तसाच राहतो.

या बाजारातील उणिवा दाखविणाऱ्यांत याच विद्यापीठाच्या बर्कले संकुलातील संशोधकही होते. अखेर २०२३ मध्ये विद्यापीठाने धोरण बदलले. आता २०४५ पर्यंत प्रत्यक्ष उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत किमान ९० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट आहे. पुढे २०२४ मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी सुधारित चुलींचे प्रकल्प तपासले, तेव्हा त्या नमुन्यातील प्रकल्पांना प्रत्यक्ष लाभाच्या सुमारे नऊपट क्रेडिट मिळाल्याचे आढळले.

क्रेडिटची खरेदी तुलनेने स्वस्त आणि तत्काळ होणारी. केंद्रे बदलण्यास मात्र वर्षे आणि मोठा निधी लागणार. तरीही विद्यापीठाने अवघड मार्ग पत्करला, याचे मूळ त्या काटेकोर हिशेबात आहे. कोणत्या केंद्रातून किती टन वायू बाहेर पडतो, हे एकदा नोंदले गेले, की ते दूरच्या जंगलाच्या आड लपविता येत नाही.