रागाच्या भरातली कमेंट आणि मुलांची भरती

खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. २०२२ पासून तिथे मुलीही शिकतात. आपल्या वस्त्यांतली मुले-मुलीही सैन्य आणि पोलीस भरतीसाठी पहाटे धावतात. त्यांनी मोबाइलवरही तेवढेच सावध राहायला हवे.

निवड झाली की चारित्र्य पडताळणी होते. दाखल गुन्ह्याची माहिती साक्षांकन नमुन्यात द्यावी लागते. ती लपवली तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते.

जयंतीच्या दिवसांत बाबासाहेबांविषयी कुणीतरी घाणेरडे लिहितो. आपला मुलगा चिडून शिवीगाळ करतो. समोरचा पोस्ट पुसून मोकळा होतो आणि आपल्या मुलाचा स्क्रीनशॉट पोलीस ठाण्यात पोहोचतो.

म्हणून गप्प बसा, असे आम्ही म्हणत नाही. आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा. मग पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. जातीवरून अपमान असेल तर १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा उल्लेख करा. बाबासाहेबांनी दाखवलेला मार्ग कायद्याचाच आहे.

अशा कमेंट रात्री पुन्हापुन्हा वाचल्या की झोप उडते, छाती धडधडते, अभ्यासात लक्ष लागत नाही. झोपण्याआधी तासभर फोन लांब ठेवा. मन फारच अस्वस्थ झाले तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

सम्यक वाचा मोबाइलवर लिहितानाही पाळायची असते. रविवारच्या वंदनेनंतर विहारात मुलांशी यावर दहा मिनिटे बोलूया.

जय भीम!