पंचवीस टक्क्यांची युनियन

मुंबईच्या गिरण्यांत युनियनचे बळ दोन ठिकाणी दिसायचे: गेटवरच्या सभेत आणि पावतीपुस्तकात. वाटाघाटीला कोण बसणार हे मात्र पावतीपुस्तक ठरवायचे.

१९२८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप चालला. त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. अध्यक्ष अ. आ. आळवे स्वतः गिरणी कामगार. वर्षअखेर सभासद ५४ हजारांच्या घरात गेले. युनियनचा खरा कणा गिरणी समित्यांचा होता. खात्यातल्या माणसांनीच वर्गणी गोळा करायची, तक्रार वर न्यायची. मुकादमाच्या मर्जीवर चालणाऱ्या गिरणीत ही मोठीच गोष्ट.

पण ‘आपली माणसे’ कोण? कांडी बदलली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाच्या नावाखाली साचेखात्यातल्या जास्त मजुरीच्या कामावर दलित कामगारांना घेत नसत. ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत हवी, असा आग्रह डॉ. आंबेडकरांनी धरला. संपाच्या नेत्यांपुढे तो धरावा लागला, यातच सगळे आले.

युनियनच्या घरकारभाराला १९२६ च्या कामगार संघटना कायद्याची चौकट होती. नोंदणीला सात सभासद पुरत, हिशेब तपासून घ्यावे लागत, राजकारणाचा पैसा वेगळ्या निधीत ठेवावा लागे. वाटाघाटीची किल्ली मात्र १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात होती. एका भागातल्या उद्योगात पंचवीस टक्के सभासद दाखवणारी युनियन ‘प्रातिनिधिक’ ठरे आणि सगळ्यांच्या वतीने तीच करार करी. उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांना गुप्त मतदानाने विचारायची सोय नव्हती. हा मान परळच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता.

१९८१ च्या दिवाळीत बोनसचा तंटा पेटला. संघाच्या तडजोडीवर कामगार चिडले आणि घाटकोपरला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या दारी गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढीइतकीच ठाम मागणी होती, १९४६ चा कायदा रद्द करा.

कामगार एकीकडे आणि शिक्का दुसरीकडे! सामंतांशी मालकांना बोलायचेच नव्हते. कायद्याने ती सबब आयती हातात दिली. सरकारही हटले नाही. लाखो कामगार महिनोन्महिने बाहेर असताना त्यांच्या वतीने सही करण्याचा हक्क संघाकडेच राहिला.