वाडी ओलांडून विश्रामबागला

साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब, माहुलीला. कोल्हापूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरला सोमवारची गर्दी आहे. माझ्यासमोर माझ्या मित्राच्या मुलाच्या कंपनीत काम करणारी पोरगी बसलीय. मांडीवर लॅपटॉपची सॅक, सॅकवर आईनं दिलेला डबा. कंपनी सांगलीची, माणसं सगळी मिळून नऊ. द्राक्षबागायतदारांना हवामान बघून फवारणीचा सल्ला मोबाइलवर धाडतात. मी त्यांचंच ऑफिस बघायला निघालोय.

ही आधी पुण्यात होती, मोठ्या कंपनीत.

"पगार इथल्या दुप्पट होता, काका."

"मग सोडलंस का?"

"आमच्या टीम लीडरला मी रजेवर गेले की माझी आठवण यायची. एरवी नाही."

कराड गेलं, शेणोली गेली. दोन्ही अंगांना ऊस. ताकारीनंतर गाडी हळू होते आणि पिवळ्या पाटीवर नाव येतं : किर्लोस्करवाडी. जेवणाचे डबे घेतलेली कामगार मंडळी भराभर उतरतात. रुळापलीकडे कारखान्याची छपरं आणि जुनी, उंच झाडं.

या स्टेशनाचं जुनं नाव कुंडल रोड. 1910 साली इथे झाड नव्हतं. निवडुंग होता आणि त्यात नाग. बेळगावच्या नगरपालिकेला लक्ष्मणराव किर्लोस्करांची कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ही 32 एकर माळजमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची बायकापोरं लक्ष्मणरावांच्या मागे इथे आली. विकायला होता लोखंडी नांगर, आणि लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. बेळगावात पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं गेली होती. आजच्या भाषेत सांगायचं तर ना बाजार, ना भांडवल, आणि ऑफिस निवडुंगात.

"तरी आली माणसं?" ती डब्याचं झाकण उघडून थालीपीठ पुढे करते.

आली. यामागे मला लक्ष्मणरावांची स्वतःची नोकरी दिसते. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून ते सुटलं. मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींच्या धंद्यात उतरले. म्हणजे वाडी वसवणारा माणूस आधी राजीनामा देऊन बाहेर पडलेला. माणूस कशानं तुटतो हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

वाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर नेमली ती शिक्षा भोगून आलेली माणसं. मला यातला धोका पत्करणं फार मोठं वाटतं. ज्याला गावात कोणी ओसरीवर बसू देत नव्हतं, त्याच्या भरवशावर अख्खी वस्ती रात्री झोपायची.

"पण काका, ते जाणार तरी कुठं?" ती घास थांबवून विचारते. "घर कंपनीचं, शेजार कंपनीचा. भांडण झालं तर बिऱ्हाडच हलवायचं. ह्याला निष्ठा म्हणायचं का नाइलाज?"

प्रश्न खोचक आहे आणि बराचसा खराही. कारखान्याच्या वसाहतीत या दोहोंची सरमिसळ होतेच. पुढे घरं झाली, झाडं वाढली, 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघायला लागलं, तेव्हा वाडी सोडणं अवघड झालं असणार. पण पहिल्या वर्षी धरून ठेवायला काय होतं? निवडुंग? परतीची गाडी तर याच फलाटावरून सुटायची. मी तिला एवढं सांगतो. ती "हं" म्हणते, पटल्यासारखं करत नाही. गाडी हलते.

सांगलीत विश्रामबागला त्यांचं ऑफिस एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आहे. जवळच वालचंद कॉलेज, 1947 पासून इंजिनिअर घडवणारं. त्यातले बरेच पदवी हातात पडली की पुण्याची वाट धरतात. जिन्यात चपलांचा ढीग. आत भिंतीवर पांढरा फळा, त्यावर कोपऱ्यात बँकेत उरलेली रक्कम लिहिलेली, आणि खाली : 'पगार – अर्धा 5 तारखेला, अर्धा वर्गणी जमा झाल्यावर.' त्याखाली मालकाचं नाव पहिलं, पुढे 'शेवटी' असा शब्द. बाहेरचा माणूस आलाय म्हणून कोणी फळा पुसत नाही.

मी टेकतो न टेकतो तोच तीन फोन एकदम वाजायला लागतात. छाटणीनंतरचे दिवस, रात्री पाऊस होऊन गेलेला, त्यात डाऊनी रोगाची भीती. तासगावकडच्या बागांचा इशारा सकाळी चुकून कवठे महांकाळच्या यादीलाही गेलाय. तिकडे थेंब पडलेला नाही.

"टाकीत औषध कालवलंय," स्पीकरवर एक शेतकरी ओरडतोय, "आता मारू का ओतून देऊ?"

यादी जोडणारा पोरगा विशीतला, नुकता लागलेला. त्याचे कान लाल झालेत. मालक फोनवर बोलतोय : "दादा, चूक आमची आहे. पंप थांबवा, बागेतलं हवामान बघून दहा मिनिटांत सांगतो. औषध वाया गेलं तर त्याचे पैसे आमच्याकडून." नाव कोणाचंच नाही, 'आमची' एवढंच. माझी सकाळची सोबतीण डबा तसाच टेबलावर टाकून दुसरा फोन उचलते. यादी दुरुस्त होते, नवा मेसेज जातो.

मग चहा येतो आणि मालक त्या पोराकडे वळतो. आवाज चढत नाही, पण सोडतही नाही.

"दोन तालुके एकत्र कसे झाले?"

पोरगा स्क्रीनवर दाखवतो. गावाच्या नावावरून यादी जोडलीय. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत निघाली.

"हे मला मागच्या महिन्यात दिसायला पाहिजे होतं," खिडकीजवळचा उंच मुलगा म्हणतो. हा त्यांचा जुना हात. त्याला पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलंय, घरी कर्ज आहे, पंधरवड्यात निघणार. त्यासाठीचं शिफारसपत्र मालकानंच लिहून दिलंय, हे मला ती पोरगी हळूच सांगते. मी मालकाला विचारतो, वाईट वाटत नाही का? "वाटतं की," तो म्हणतो. "पण त्याच्या बापाच्या कर्जाचा हप्ता मी भरणाराय का?"

दुपारी त्या टाकीवाल्या शेतकऱ्याकडे कोणीतरी जाऊन यायला हवं असं ठरतं. पोरगा उठतो. उंच मुलगाही उठतो, हेल्मेट घेतो.

"तू कशाला? तुझं हँडओव्हर राहिलंय," मालक म्हणतो.

"रस्त्यात देतो त्याला," तो म्हणतो आणि चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधू लागतो.