गाडी तापली की एसी रुसला? दारव्ह्याच्या उन्हात दुखणं असं ओळखा

एपिसोड ऐकायला जमलं नसेल, तर इथे वाचून घ्या. आणि उन्हात गाडी काढण्याआधी एकदा नक्की वाचा.

समजा, मे महिन्याची दुपार आहे. दारव्ह्याहून यवतमाळला लग्नाला निघालो, मागच्या सीटवर आजी. पारा ४५ च्या आसपास. बाजारातल्या गर्दीत गाडी अडकली आणि एसीतून गरम हवा यायला लागली. आपण लगेच म्हणतो, "गॅस संपला असेल, भरून घेऊ." थांबा भाऊ! आधी टेंपरेचरचा काटा बघा. काटा नसेल, तर लाल दिवा बघा.

का? कारण एसीचा कंडेन्सर इंजिनच्या रेडिएटरच्या अगदी पुढे बसवलेला असतो. हवा आधी त्यातून जाते, मग रेडिएटरमधून. शिवाय इंजिन जास्त तापलं, की बऱ्याच गाड्या एसीचा कंप्रेसर स्वतःच बंद करतात. म्हणजे एसी बिघडलेला नसतो, तो इंजिनला वाचवत असतो.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: त्रास नेमका कधी होतो?

उभ्या गाडीत होतो, रस्त्याला लागलं की थांबतो? मग संशय पंख्यावर. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार. एसी लावून बघा, पंखा फिरतो का? हात मात्र लांब ठेवा, बंद इंजिनवरही तो अचानक सुरू होऊ शकतो. कंडेन्सरच्या जाळीत धूळ, भुसा, किडे अडकले असतील तरी हेच होतं.

वेगात किंवा चढावर काटा चढतो? मग कूलंट कमी, थर्मोस्टॅट अडकलेला, वॉटर पंप थकलेला किंवा रेडिएटर आतून चोंदलेला. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं टाकलं, तर आत क्षार बसतात. म्हणून कंपनीने सांगितलेलं कूलंटच टाका. वेगळं मिसळायचं असेल, तर डिस्टिल्ड वॉटर वापरा.

काटा ठीक, पण एसी कायमच मंद? हवाच कमी येत असेल, तर केबिन फिल्टर बघा. हवा भरपूर पण गार नाही, तर गॅस कमी असू शकतो. पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. दरवर्षी भरावा लागतोय म्हणजे कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधायला सांगा, नाहीतर पैसे हवेत.

आणि गाडीखाली स्वच्छ पाण्याचे थेंब दिसले, तर घाबरू नका, ते एसीचंच पाणी. हिरवं-गुलाबी, चिकट, गोडसर वासाचं असेल, तर ते कूलंट.

रस्त्यातच काटा लाल झाला तर? एसी बंद, हीटर फुल, आणि सावली बघून गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा, आजीला आधी सावलीत बसवा, पाणी द्या. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली १०० अंशांच्याही वर गेलेलं असतं, झाकण फिरवताच ते अंगावर उसळतं. निदान अर्धा तास थांबा. तसंच दामटून गाडी नेली, तर हेड गॅस्केट जातं आणि खर्च कितीतरी पट होतो.

अर्धा तास थांबायला लाजू नका, मंडळी. लग्नात उशिरा पोचलं तरी जेवण मिळतंच! भेटू पुढच्या भागात.