मोथ्याची कुरणे आणि चिखलदऱ्याचा आराखडा

धामणगाव गढीवरून सलोन्याचा घाट चढला की मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या आधी मोथा लागते. पर्यटकांची गाडी इथे खव्यासाठी थांबते आणि पुढे निघून जाते. पुढे बघायचे ते सगळ्यांना पाठ आहे: कीचकवधानंतर भीमाने हात धुतले ते भीमकुंड, 1803 साली इंग्रजांनी जिंकलेला गाविलगड, धुक्यातला देवी पॉइंट. मोथा मात्र गवळ्यांचे गाव. भट्टीवरच्या कढईत म्हशीचे दूध आटत असते आणि उलथण्याने तळ सारखा खरवडावा लागतो. हात थांबला की दूध बुडाला लागते आणि अख्ख्या घाण्याला करपट वास येतो. किलोभर खव्याला साधारण 5 लिटर दूध लागते, आणि त्या दुधामागे असते पठारावरचे गवत. या भागातल्या जमिनीच्या वादाचे मूळ याच गवतात आहे.

चिखलदरा, शहापूर, मोथा, लवादा आणि आलाडोह मिळून जवळपास 2 हजार हेक्टरांचे नियोजन शासनाने सिडको या शासकीय महामंडळाकडे दिले. शेतीची आणि चराईची जागा आराखड्यात कुठे निवासी, कुठे पर्यटनासाठी रंगली की तिचे भवितव्यच बदलते. साधे घर वाढवायचे म्हटले तरी परवानगी ग्रामपंचायतीऐवजी नियोजन प्राधिकरणाकडे मागावी लागते. म्हणूनच या गावांतून विरोध होत आला आहे. त्याला आडमुठेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. गाव वाढण्याला त्यांची हरकत नाही, गाव कशासाठी वाढायचे हे दुसऱ्याने ठरवण्याला आहे.

विरोधकांना विकास नको, पर्यटन आले तर रोजगार येईल, असा प्रतिवाद हमखास होतो. रोजगार हवाच. पण इथली गर्दी पावसाळ्यातली आणि सुट्ट्यांची. म्हैस बाराही महिने दूध देत नसली तरी गोठा बाराही महिने घर चालवतो. पाण्याचाही हिशेब मांडावा लागेल. भरपूर पाऊस झेलणाऱ्या या पठारावरचे पाणी उतारावरून वाहून जाते आणि उन्हाळ्यात मोथ्याला टँकरची वाट बघावी लागते. शक्कर तलाव आणि कालापाणीवर तहान भागवणाऱ्या गिरिस्थानात आणखी रिसॉर्ट उभे करताना पहिला घोट कोणाचा, हे आधी लिहून ठेवायला नको का?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: गावकरीच जमिनी विकतात, मग तक्रार कसली? विक्री हा एकेकाचा हक्क आहे, झोनबदल मात्र सगळ्यांवर लागू होतो. चराईला बंदी झाली की न विकणाऱ्याचाही गोठा रिकामा होतो. आराखडाच नसला तर बेबंद बांधकामे होतील, हेही खरे. म्हणून मागणी आराखडा रद्द करण्याची नव्हे, तो गावासोबत करण्याची हवी. गावाच्या हाती जमीन दिली तर ती राखली जाते, याचा दाखला मेळघाटातच आहे. वनहक्क कायद्याखाली 193 हेक्टर जंगल मिळालेल्या पायविहीर गावाने ते जोपासले, त्यातून सीताफळाचा व्यवसाय उभा केला आणि 2014 साली जैवविविधतेचा राष्ट्रीय सन्मान मिळवला.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 हरकतींची मुदत आणि सुनावणी देतो. पण महिनाभराची नोटीस राजपत्रात छापून म्हशीमागे रानात असलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. शिवाय मेळघाट अनुसूचित क्षेत्र आहे आणि 1996 चा पेसा कायदा ग्रामसभेला मान देतो. तेव्हा नकाशा मराठीत, गावच्या चावडीवर, गट क्रमांकासह लावावा. कुरण, पाणवठे आणि गावठाणाची वाढ आधी राखून ठेवावी आणि सुनावणी चिखलदऱ्यातच, ग्रामसभेसमोर घ्यावी. एवढे झाले तर मोथ्याचा विरोध बराचसा आपोआप मावळेल. आणि तरीही तो उरलाच, तर त्या नकाशातच खोट आहे असे समजावे.