सौभाग्य योजनेतील वीजजोडणी: वायर पुढे नेताना एमसीबी किती अँपिअरचा बसवावा?

सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेअंतर्गत आपल्या घरी वीज आली असल्यास खांबापासूनची वायर, मीटर, एका दिव्याचे वायरिंग, एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जिंगचा पॉइंट आपल्याला मिळाला असेल. हे वायरिंग तेवढ्याच वापरासाठी असते. पुढे घरात इस्त्री येते, शेगडी येते, आणि मुख्य वायरला जोड देऊन न्हाणीघराकडे बारीक वायर ओढली जाते. धोका इथे सुरू होतो.

एमसीबी कशावरून ठरवावा?

वायरच्या जाडीवरून. एमसीबीचे काम वायर जळू न देणे हे आहे. घरातील तांब्याच्या वायरसाठी सर्वसाधारणपणे दीड चौरस मिलिमीटरला ६ किंवा १० अँपिअर, अडीचला १६ आणि चारला २० अँपिअरचा एमसीबी बसवतात. ॲल्युमिनियमची वायर तितक्याच जाडीची असली तरी कमी भार पेलते.

समजा, मीटरजवळ ३२ अँपिअरचा एमसीबी आहे आणि तिथून जाड वायर निघते. तिच्यातून दीडची वायर काढून १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड, २००० वॅटची शेगडी आणि १००० वॅटची इस्त्री एकाच वेळी चालवली. २३० व्होल्टला हा भार सुमारे २० अँपिअर होतो. दीडची वायर तापून तिचे आवरण वितळू लागेल, पण ३२ चा एमसीबी पडणार नाही. मानकाप्रमाणे तो ३६ अँपिअरपर्यंत तासभरही टिकून राहू शकतो. म्हणून वायर जिथे बारीक होते, तिथेच तिच्या मापाचा वेगळा एमसीबी बसवून घ्यावा. तो फेजवर असावा, न्यूट्रलवर नव्हे.

एमसीबी वारंवार पडत असेल तर “मोठा टाकून देतो” असे सांगणाऱ्याला नकार द्या. फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणे हाही तोच प्रकार. आधी भार कमी करा किंवा वायर बदलून घ्या. बिलावरील मंजूर भार पुरत नसल्यास वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करता येतो.

शॉक लागण्यापासून मात्र एमसीबी वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग लागते.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. खांबाकडील वायर किंवा मीटर गरम होत असल्यास स्वतः हात न लावता १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.